दीड महिन्याच्या डोसला आईलाही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदर बाईचं वजन कमी असेल तर आपल्याकडे सगळे काळजी करतात, आणि ती करायलाच हवी. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के कमी वजनाच्या निघाल्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या. या दुसऱ्या आकड्याबद्दल घरात, दवाखान्यात कोणी फारसं बोलत नाही. मी सरकारी रुग्णालयात आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. त्या आकड्यातल्या मुली मी खाटेवर पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी दोन गोष्टी मागायला हे पत्र लिहिते आहे. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला वजन आणि उंची दोन्ही नीट मोजून त्याचा अर्थ बाईला समजावून सांगावा, ही एक. दुसरी अशी, की बाळाला लसीच्या दीड महिन्याच्या डोसला आणतात त्याच दिवशी आईचीही तपासणी व्हावी.

पहिली तपासणी म्हणते ती मुद्दाम. बारा आठवड्यांच्या आतलं वजन बाईचं स्वतःचं असतं. पुढे त्यात बाळ, वार, गर्भजल, पायांवरची सूज सगळं मिसळतं आणि नवव्या महिन्यातल्या वजनावरून तिची मूळ प्रकृती कळत नाही. काटा बहुतेक ठिकाणी असतो, वजन होतं. उंची मात्र पुष्कळदा नजरेनेच ठरते. बाई टेबलापाशी येईपर्यंत कार्डावर आकडा पडलेला असतो. ७४ किलो वजनाची बाई १५२ सेंटिमीटर उंच असेल तर तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३२ येतो, १६२ सेंटिमीटर असेल तर २८. या दोघींची काळजी सारखी नाही. भिंतीवर एक पट्टी चिकटवायला काही खर्च येत नाही.

जगभर २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी हीच रेघ २३ आणि २५ वर आणली आहे, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! तेव्हा सून अंगाने भरलेली दिसत नाही म्हणून काटा चुकवू नये.

घरची माणसं याकडे कशी बघतात तेही सांगते. मुलगी अंगाने मजबूत असेल तर ‘खात्यापित्या घरची आहे, बाळंतपण सहज सोसेल’ असं म्हणतात. दिवस राहिले की ‘आता दोन जिवांचं खा’ सुरू होतं. पण चरबी शरीरात स्वस्थ पडून राहत नाही, ती इन्सुलिनच्या कामात आडवी येते. गरोदरपणात वारेतून पाझरणारी संप्रेरकंही तेच करतात. दोन्ही एकत्र आलं की साखर चढते. ती साखर बाळाकडे जाते, बाळ पोटातच आपलं इन्सुलिन वाढवतं आणि वाढत्या इन्सुलिनबरोबर फुगत जातं, त्यातही खांद्यांपाशी. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर त्या दोन-चार मिनिटांत लेबर रूममध्ये कोणी श्वाससुद्धा घेत नाही. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, बाळाचं इन्सुलिन मात्र जोरात असतं, म्हणून चांगलं चार किलोचं बाळ तासाभरात गळून पडतं. गुटगुटीत म्हणून आजी ज्याचं कौतुक करत असते त्याच बाळाच्या टाचेतून आम्ही दर थोड्या वेळाने रक्त काढत असतो.

प्रसूतीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर डॉक्टर जास्त चांगलं सांगतील. वजन जास्त असलं की कळा येतात पण जोर धरत नाहीत, पिशवीचं तोंड उघडायला वेळ लागतो, सलाईनमधून कळांचं औषध द्यावं लागतं आणि शेवटी सिझरची वेळ जास्त वेळा येते. आपल्या राज्यात सिझरचं प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) २०.१ टक्के होतं, पाचव्या फेरीत २५.४ टक्के झालं. याचं सगळं खापर वजनावर फोडता येणार नाही, त्याला इतर कारणं आहेत आणि ती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सिझर झाल्यावर पुढे त्या बाईचं काय होतं, हे वजनावर फार अवलंबून असतं. माझं काम तिथून सुरू व्हायचं.

बाळ झालं, पेढे वाटले, की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. आईचे धोक्याचे दिवस तेव्हा संपलेले नसतात.

सुरुवात रक्तस्रावापासून. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून घट्ट व्हायला हवं. बाळ मोठं असेल, कळा लांबल्या असतील, तर ते थकलेलं असतं आणि सैल राहतं. पोटावर चरबीचा थर जाड असला की सिस्टरला वरून दाबून ते घट्ट झालं की नाही हे हाताला लवकर लागत नाही, त्यामुळे खालून किती जातंय हे डोळ्यांनी पाहत राहावं लागतं. त्यातून रक्त आधीच कमी असेल तर परिस्थिती हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. जाड बाईच्या अंगात रक्त भरपूर असतं, ही समजूत मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि त्यात भरल्या अंगाच्या पुष्कळ आहेत. वडापाव, बिस्किटं, चहा, फरसाण यांनी वजन वाढतं, हिमोग्लोबिन वाढत नाही. लोहाच्या गोळ्या त्यांनाही तितक्याच लागतात.

मग टाके. सिझरचा छेद पोटाच्या खालच्या बाजूला आडवा असतो. बाई सडपातळ असेल तर तो उघड्यावर असतो, वारा लागतो, सुकतो. पोट सुटलेलं असेल तर घडी बरोबर त्या टाक्यांवर येते. चौथ्या-पाचव्या दिवशी अशा बाईला आडवं करून मी दोन्ही हातांनी ती घडी उचलत असे. खालचं गॉज ओलं असायचं, कडेची त्वचा पांढरी पडून सुरकुतलेली, कधी नुसता घाम, कधी वास. बाहेरून काही दिसत नाही, बाईला वाकून बघता येत नाही, लाजेने ती नवऱ्यालाही दाखवत नाही. घरी गेल्यावर वरून घट्ट पोट बांधतात, शेगडीचा शेक देतात, कोणी हळद दाबतं, आणि दहाव्या दिवशी टाके उसवून बाई परत येते. करायचं असतं एवढंच: अंघोळीनंतर घडी उचलून मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, घडीत स्वच्छ सुती कापडाची पट्टी ठेवायची, ओली झाली की बदलायची, टाक्यांवर काही लावायचं नाही आणि रोज घरातल्या एका बाईने डोळ्यांनी बघायचं. सुट्टी देताना आम्ही हे बाळंतिणीला सांगायचोच, पण तिच्या सासूला आणि आईलाही शेजारी उभं करून सांगायचो. घडी उचलणारे हात त्यांचे असतात.

रक्तदाबाचं तर फारच थोड्या लोकांना माहीत आहे. गरोदरपणातला रक्तदाब बाळंतपणाबरोबर संपतो असं वाटतं. खरं म्हणजे बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास तो पुन्हा चढतो आणि नेमकी तेव्हा बाई घरी गेलेली असते. वर लिहिलेली ७४ किलो आणि १५२ सेंटिमीटर ही एका पहिलटकरणीची खरी नोंद आहे. तिचं सिझर झालं, चौथ्या दिवशी ती माहेरी गेली. सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. वारा लागला म्हणून आईने कानात कापूस घातला, डोक्याला घट्ट बांधलं, खोलीची खिडकी लावून घेतली. रात्री डोळ्यांपुढे चमकायला लागलं तेव्हा एका चुलत भावाने ऐकलं नाही, गाडीत घालून तिला आणलं. रक्तदाब १७० वर ११०. तिला झटका यायच्या आत मॅग्नेशियमचं इंजेक्शन सुरू झालं, रक्तदाबाची औषधं दिली, आणि ती वाचली. बाळंतिणीचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणं, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यातलं काही झालं तर आधी रक्तदाब बघावा आणि मग वाऱ्याचा विचार करावा, एवढं मी प्रत्येक आजीला हात जोडून सांगेन.

यातच एक बारीकशी गोष्ट आहे, पण फार महत्त्वाची. रक्तदाबाचा नेहमीचा पट्टा जाड दंडाला पुरत नाही. तो कसाबसा गुंडाळला तर पंप मारताना चिकटपट्टी कर्रकन सुटते, आणि नाही सुटली तर दाब असतो त्याहून जास्त दाखवतो. मग कधी नसलेल्या रक्तदाबाची औषधं सुरू होतात, तर कधी ‘या पट्ट्यावर जास्तच येतो’ असं म्हणून खरा वाढलेला दाब सोडून दिला जातो. मोठ्या मापाचा पट्टा मिळतो आणि तो महाग नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात असा एक तरी असायला हवा.

दुधाबद्दल घरोघरी जे रडणं होतं, त्यातलं बरंच टाळता येतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. जास्त वजनाच्या आईत बाळ ओढायला लागल्यावर दुधाचं संप्रेरक हवं तेवढं वाढत नाही, म्हणून तिला एखादा दिवस जास्त लागू शकतो. सिझर, मधुमेह असेल तर आणखी उशीर. तिसऱ्या दिवशी नातेवाईक दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन हजर होतात. बाळ बाटलीला लागलं की छातीला ओढत नाही, ओढलं नाही की दूध येत नाही, आणि ‘तिला दूधच नव्हतं’ हा शिक्का तिच्यावर आयुष्यभरासाठी बसतो. अशा आईला मांडीवर बाळ घेऊन पाजणं अवघड जातं. छाती जड, पोट मध्ये येतं, टाके दुखतात. बाळाला कुशीच्या बाजूला काखेखाली धरायचं, पाय आईच्या पाठीकडे, खाली उशी, आणि छातीला खालून हाताचा आधार. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी लावायचं, मधल्या वेळात हाताने चीक काढून चमच्याने पाजायचा. बाळाचं वजन, लघवी, साखर सिस्टर बघत असतेच. वरचं द्यायची खरंच वेळ आली तर ते डॉक्टर सांगतील. मी अशा कित्येक आयांना चौथ्या-पाचव्या दिवशी भरल्या छातीने घरी पाठवलं आहे.

सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही, ही पद्धत सुनेला विश्रांती मिळावी म्हणून पडली असेल आणि विश्रांती तिचा हक्कच आहे. पण गरोदरपणात आणि त्यानंतरचे सहा आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात वजन, त्यात ऑपरेशन, त्यात दिवसभर आडवं पडणं. पायाच्या शिरेत गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, यावर तेल चोळत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. सिझरच्या दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं, पाणी भरपूर प्यायचं. काहींना डॉक्टर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतात, ती अर्ध्यावर सोडायची नाहीत.

बाळंतविड्याला माझा विरोध नाही. अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, मेथी, बाळंतशोपा हे सगळं चांगलं आहे. पण डिंकाचे लाडू आईकडून येतात, सासूकडून येतात, मावशी-आत्या वेगळे करतात, आणि सगळ्यांचा मान राखायला ती मुलगी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन खाते, वर तुपात भिजलेला शिरा. भूक भाकरी-भाजी, डाळ, उसळ, दही, अंडं यांनी भागवावी आणि लाडू दिवसाला एक पुरे.

गरोदरपणात वजन किती वाढावं, हेही सगळ्यांना सारखंच सांगितलं जातं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवून दिलेली मापं डॉक्टर आजही वापरतात. सुरुवातीचा बीएमआय २५ ते ३० असेल तर ७ ते साडेअकरा किलो, ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो, आणि कमी वजनाच्या बाईने मात्र साडेबारा ते अठरा. हे ऐकून कोणी गरोदरपणात उपाशी राहू नये, वजन उतरवायची ती वेळ नव्हे. रोज अर्धा तास चालणं, गोड आणि तळलेलं आवरणं, एवढ्याने पुष्कळ साधतं.

आता बोलण्याच्या पद्धतीबद्दल, कारण इथे आपल्या लोकांकडून फार दुखवलं जातं. तपासणीच्या टेबलावर चढायला वेळ लागला तर सगळ्यांसमोर ‘किती ते वजन वाढवलंयस’ असं बोललेलं मी ऐकलं आहे. ती मुलगी खाली मान घालून निघून जाते आणि पुढच्या तपासणीला येत नाही. येत नाही म्हणून साखर कळत नाही, रक्तदाब कळत नाही. बाळंतपणानंतर ज्या मुली खिडकीकडे तोंड करून गप्प पडून राहतात, बाळाला जवळ घेत नाहीत, त्यांच्यात अशा बोलण्याने आधीच खचलेल्या मुली मी पाहिल्या. वजन पडद्याआड करावं, आकडा मोठ्याने ओरडू नये, आणि ‘ताई, तुमचं वजन उंचीच्या मानाने जास्त आहे, म्हणून आपण साखर आजच तपासू या’ असं म्हणावं. बाईला राग येत नाही, उलट ती विचारते की मी काय करू.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करावी, असं केंद्र सरकारच्या सूचनांतच आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अशा बाईची साखर पुन्हा बघावी, हेही लिहिलेलं आहे. ती मात्र येत नाही. बाळ, टाके, माहेर-सासर, नवऱ्याची सुट्टी; स्वतःसाठी म्हणून कोण येतं? आणि तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते.

गरोदर बाईसाठी दर महिन्याची ९ तारीख आहे, २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी डॉक्टर तपासतात. बाळंतिणीसाठी असा दिवस नाही. पण सहा आठवडे म्हणजेच दीड महिन्याचा डोस. बाळाला घेऊन ती त्या दिवशी येतेच, सासूसुद्धा आठवण करून देते. आदल्या दिवशी आशाताईने निरोप द्यावा: सकाळी लवकर ये, काही न खाता ये, डबा बरोबर आण. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होता किंवा ज्यांचं पहिल्या नोंदीचं वजन जास्त होतं, त्यांना आल्या आल्या ग्लुकोज प्यायला द्यावं. मग बाळाचं वजन, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्युमोकोकल या लसी, लस दिल्यावरचा अर्धा तास थांबणं, पाजणं. तेवढ्यात आईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, वजन बघून होतं, मनाने कशी आहे तेही विचारता येतं. दोन तास कधी झाले कळत नाहीत. बाळासाठी आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जातेच, तिच्या पिशवीत बाळाचा काटा असतो. त्या भेटींना एएनएमने (उपकेंद्रातल्या सिस्टरने) रक्तदाबाचं यंत्र घेऊन बरोबर जावं, म्हणजे सहाव्या दिवसाचं डोकं दुखणं घरातच पकडलं जाईल.

दीड महिन्याला घेतलेलं वजन पुढच्या खेपेसाठीही लागतं. स्वीडनमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांच्या दोन बाळंतपणांचा अभ्यास २००६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. दोन बाळंतपणांच्या मध्ये ज्यांचं वजन वाढलं त्यांना दुसऱ्या वेळी मधुमेह, रक्तदाब, सिझर यांचा धोका वाढला, आणि ज्या जाड म्हणाव्या अशा झाल्या नव्हत्या त्यांनाही. दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी दोन-चार किलो उतरवायला दीड महिन्यापासूनची दोन-अडीच वर्षं हाताशी असतात.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने निदान एका तालुक्यात हे करून पाहावं, अशी विनंती आहे. नवीन इमारत लागत नाही, नवीन पद लागत नाही. उंचीची पट्टी, मोठ्या मापाचा पट्टा, ग्लुकोजच्या पुड्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि लसीकरणाच्या सत्रात आईसाठी एक खुर्ची लागेल. कऱ्हाड तालुक्यातल्या कोणत्याही केंद्रावर लसीकरणाच्या दिवशी मी स्वखर्चाने येईन, मोठा पट्टा कसा बांधायचा, बाळ काखेखाली कसं धरायचं आणि टाके कसे बघायचे ते नव्या मुलींना दाखवीन.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
कऱ्हाड, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)